कामुकुंजीवरचा शनिवार

आज २८ फेब्रुवारी २०१३. ५ वर्षांपूर्वी, म्हणजे २००८ साली याच तारखेला इथे नैरोबीत हरांबी हाउस या अध्यक्षांच्या कार्यालयाबाहेर टेबल मांडून अध्यक्ष म्वाई किबाकी आणि विरोधी नेते रायला ओडिंगा यांनी, निवडणुकीच्या निकालावरून जमातींमध्ये पेटलेला हिंसाचार थांबवून सत्ता वाटून घ्यायच्या करारावर सह्या केल्या होत्या, मध्यस्थी करणारे कोफी अन्नान तिथेच उभे होते, आणि आम्ही पार्कलँड्सच्या फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर बसून ते बघताना खरंच रडलो होतो. येत्या सोमवारी, ४ मार्चला, त्यानंतरची पहिली सार्वत्रिक निवडणूक आहे. सगळ्या शहराच्या पोटात गोळा आलाय. म्हणून गेल्या शनिवारचं आत्ताच लिहून काढते, सोमवारनंतर काहीही झालं तरी तो दिवस मला जसा दिसला तसा कुठेतरी राहायला हवा.

आईचा महिनाभर रोज सांगलीहून फोन येतोय, पोराला घेऊन इकडे ये, निवडणूक झाली की जा परत. तिचं चूक नाही. आमच्या बिल्डिंगमधली निम्मी बायका-मुलं गेली पण, कुणी मुंबईला, कुणी अहमदाबादला, कुणी लंडनला बहिणीकडे. जे राहिलेत त्यांच्या घरात तांदळाची पोती, डाळी, मेणबत्त्या, जास्तीचा गॅस सिलिंडर. माझ्याही घरात आहे सगळं. २००७ च्या डिसेंबरमधल्या निवडणुकीच्या वेळी यातलं काहीच नव्हतं आणि तेव्हा आम्हाला इथे येऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं, त्यामुळे ३० तारखेला संध्याकाळी निकाल जाहीर झाला, तासाभरात घाईघाईने किबाकींचा शपथविधी उरकला, टीव्हीवरचं लाइव्ह प्रक्षेपण बंद केलं गेलं, तेव्हा काय होतंय हेच कळेना. गच्चीवर गेलो तर लांब धूर. मग दुकानं बंद, दूध नाही, ब्रेडला रांगा, फोनमध्ये टाकायला क्रेडिटची स्क्रॅच कार्डं मिळेनात. आमचं तेवढ्यावरच भागलं. देशात दोन महिन्यांत ११०० च्या वर माणसं मारली गेली, ६ लाखांच्या आसपास लोक घरादारातून उठले, आणि एल्डोरेटजवळ कियाम्बाच्या चर्चमध्ये आसऱ्याला आलेल्या बायका-मुलांना १ जानेवारीला जाळलं, ते वाचल्यावर मला कितीतरी रात्री झोप लागली नव्हती.

आमच्याकडे तेव्हापासून कामाला येणारी बाई किबेरात, नैरोबीतल्या मोठ्या झोपडपट्टीत, राहते. इथे बाईमाणसाला आदराने मामा म्हणतात, आपल्या कानाला सुरवातीला विचित्र वाटतं पण आता माझ्या तोंडात बसलंय. ती मला माझ्या मुलाच्या नावाने मामा म्हणते, मी तिला नुसतं मामा. २००८ च्या जानेवारीत ती तीन आठवडे आली नव्हती आणि ती राहते कुठे, कुठल्या गल्लीत, हे मला माहीतच नव्हतं. हे मला अजून टोचतं. परत आली तेव्हा मी विचारलं काय झालं, तर म्हणाली आम्ही आहोत, बस. त्यावर मी आणखी काही विचारलं नाही.

तर या मामाचा मुलगा, १९ वर्षांचा, त्यांच्या वस्तीतल्या पोरांच्या एका ग्रुपमध्ये आहे, आणि त्यांनी शनिवारी किबेरातल्या कामुकुंजी मैदानावर शांततेसाठी रॅली आणि नंतर फुकट कॉन्सर्ट ठेवली होती. मामा मंगळवारी भांडी घासता घासता मला म्हणाली, तुम्ही या. मी म्हटलं बघते. गुरुवारी परत म्हणाली, तुम्ही याल ना, मुलाला पण आणा. तिने इतक्या वर्षांत माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. नवऱ्याशी बोलले, तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला मी पण येतो.

टॉय मार्केटपर्यंत टॅक्सीने गेलो, तिथे मामाचा मुलगा घ्यायला आला होता. टॉय मार्केट म्हणजे जुन्या कपड्यांचा मोठा बाजार, २००८ मध्ये पूर्ण जळाला होता, दुकानदारांनी परत उभा केला. तिथून पुढे चालत. फेब्रुवारीतलं ऊन, लाल माती, पायात बूट असले तरी मोजे लाल होतात. पत्र्याच्या भिंतींवर ठिकठिकाणी पांढऱ्या अक्षरात रंगवलेलं, पीस वॉन्टेड अलाइव्ह. सोलो सेव्हन नावाचा किबेरातलाच चित्रकार, त्याने २००८ च्या दंगलीत डबा आणि ब्रश घेऊन जिथे जागा मिळेल तिथे हे लिहीत सुटायचं ठरवलं, आणि अजून ती अक्षरं आहेत, काही फिकट, काही नव्याने गिरवलेली. शांतता पाहिजे, जिवंत. मी पहिल्यांदा फोटोत पाहिलं होतं, प्रत्यक्षात ते कोंबड्यांच्या खुराड्यावर होतं.

मग रेल्वे लाइन ओलांडली. मोम्बासाहून किसुमूकडे जाणारी हीच ती लाइन, १८९६ ते १९०१ मध्ये भारतातून आणलेल्या हजारो मजुरांनी बांधलेली, आणि याच लाइनचे रूळ २००८ मध्ये किबेरातल्या पोरांनी उखडून टाकले होते. आता सकाळ-संध्याकाळच्या लोकल गाडीच्या डब्यांवर ग्राफिटीवाल्या कलाकारांनी शांततेची चित्रं काढलीयेत. माझा मुलगा रुळांवर वाकून बघत होता कुठे उखडल्याची खूण दिसते का. नाही दिसली. मामाचा मुलगा म्हणाला, मी तेव्हा १४ वर्षांचा होतो, मी पण ओढत होतो, आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं की का. इतकंच बोलला आणि पुढे चालायला लागला.

मैदानाच्या तोंडाशी बांबू आडवा लावून गेट केलं होतं. तिथे दोन मुली एक मोठं टीव्हीचं रिकामं खोकं घेऊन बसलेल्या. नियम असा की आत पक्षाचं काहीही चालणार नाही, टोपी, टीशर्ट, रुमाल, काही नाही. यंदाचे अध्यक्षपदाचे दोन मुख्य उमेदवार रायला आणि उहुरू केन्याटा, केशरी म्हणजे रायलांचा पक्ष, लाल म्हणजे उहुरूंचा, आणि सध्या नैरोबीत या दोन रंगांच्या टोप्या फुकट वाटल्या जातात त्यामुळे निम्म्या लोकांच्या डोक्यावर त्याच. तर टोपी काढायची, त्या मुलीकडे द्यायची, ती आत बॉलपेनने नाव लिहायची आणि खोक्यात टाकायची. टीशर्टवाल्यांना टीशर्ट उलटा घालायला लावत होत्या. एकाने हुज्जत घातली, मी याच्यासाठी मरायला तयार आहे आणि तू मला काढायला सांगतेस, तर ती मुलगी शांतपणे म्हणाली, म्हणूनच तर. लांब उभ्या असलेल्या दोन पोलिसांनी मान पण वळवली नाही. त्याने काढली टोपी. मी खोक्यात वाकून पाहिलं, केशरी आणि लाल एकात एक गेलेल्या.

आत किती लोक होते मला सांगता येणार नाही, गर्दी खूप होती. स्टेज म्हणजे ट्रकचा उघडा मागचा भाग, दोन्ही बाजूंना स्पीकरच्या भिंती, जनरेटरचा धूर. लुह्या लोकांचे इसुकुती ढोल आधी वाजले, आपल्या गावच्या जत्रेत ढोल छातीत वाजतो ना अगदी तसा, मग न्युबियन बायकांचं गाणं, मग चर्चची मुलं, मग लुओ लोकांचं ओहांगला संगीत सुरू झालं तेव्हा कडेने बसलेल्या म्हाताऱ्या पण उठल्या. मधे उड्या मारणारी पोरं येऊन माणसांचा मनोरा करून गेली, माझ्या मुलाला दहीहंडी आठवली. आणि मग शेंग भाषेतले रॅपवाले, शेंग म्हणजे स्वाहिली आणि इंग्रजी आणि बाकी सगळ्या भाषा मिक्स करून नैरोबीच्या पोरांनी बनवलेली बोली, मला त्यातलं निम्मं कळत नाही पण हजारभर पोरं एका सुरात शब्दन् शब्द म्हणत होती तेव्हा अंगावर काटा आला. भाजलेलं मक्याचं कणीस खाल्लं, वर लिंबू-तिखट चोळून देतात, अगदी आपल्यासारखं.

स्टेजमागे एक लांबच लांब कापड लावलं होतं, त्यावर एकच शब्द वेगवेगळ्या भाषांत. स्वाहिलीत अमानी. किकुयूत थायू. लुओत कुवे. लुह्यात मुलेम्बे. कालेंजिनमध्ये काल्येत. मामा रोज सकाळी आल्यावर मला मुलेम्बे म्हणते, मी पण म्हणते, मला वाटायचं नमस्कारासारखं असेल काहीतरी. त्याचा अर्थ शांतता आहे हे मला त्या दिवशी कळलं.

शेजारी एक बाई बसली होती, मांडीवर तान्हं पोर. तिने त्या कापडाकडे बोट दाखवून मला विचारलं, तुमच्याकडे काय म्हणता? मी म्हटलं, शांतता. तिने म्हणून पाहिलं, शान-ता-ता, हसली. आणि मला एकदम जाणवलं की आपला हा शब्द कुठे कुठे लावलेला असतो, दवाखान्यात, लायब्ररीत, परीक्षेच्या हॉलमध्ये, शांतता राखा. म्हणजे आवाज करू नका. आपल्याकडे दोन्हीला एकच शब्द, भांडण नसणं आणि गप्प असणं. माझी बिल्डिंग त्या क्षणी किती शांत असेल याचा विचार आला, पडदे ओढलेले, गेटला डबल कुलूप, मुलं खाली खेळायला नाहीत. आणि इथे कान फुटतील एवढा आवाज, आणि माझा मुलगा अनोळखी पोरांबरोबर स्टेजच्या पुढे नाचतोय आणि मला त्याची काळजी वाटत नाहीये.

कोपऱ्यात एक तंबू होता आणि मला विचाराल तर त्या दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम तिथे चाललं होतं. २०१० ची नवीन राज्यघटना आली, ४७ काउंटी झाल्या, त्यामुळे यंदा पहिल्यांदाच एका मतदाराला एकाच वेळी सहा मतं द्यायची आहेत, अध्यक्ष, गव्हर्नर, सिनेटर, खासदार, महिला प्रतिनिधी आणि वॉर्डाचा प्रतिनिधी. सहा रंगांच्या पत्रिका, सहा रंगांच्या झाकणांच्या पेट्या. एकट्या अध्यक्षपदालाच ८ उमेदवार. तंबूत त्या पोरांनी बुटांच्या खोक्यांना रंगीत कागद चिकटवून सहा पेट्या केल्या होत्या आणि लोकांना सराव करून देत होते, पत्रिकांवर उमेदवारांच्या जागी फळांची चित्रं, आंबा, केळं, अननस. एक आजोबा, ८० च्या पुढचे नक्की, कोट घातलेला, टाय लावलेला, ते प्रत्येक पत्रिका पुस्तकाच्या पानासारखी घडी घालत होते, नखाने घडी पक्की करत होते, मग डोळ्यांजवळ नेऊन रंग बघायचे आणि मग त्या रंगाच्या खोक्यात. सहाव्याला चुकले, निळी पिवळ्यात पडली. त्यांनी सगळं परत पहिल्यापासून करायला मागितलं. पोरांनी सगळ्या पत्रिका काढून परत दिल्या. मागे रांग होती, कुणीही घाई केली नाही. गोंधळ झाला, पेट्या चुकल्या, मतं बाद झाली, की तिथून अफवा आणि अफवेतून आग, २००७ ला हेच झालं होतं की, मोजणीवरचा विश्वास उडाला आणि मग कोर्टात जायला पण कुणी तयार नव्हतं. म्हणून मला त्या खोक्यांचं फार वाटलं.

तंबूबाहेर मामाने तिच्या एका मैत्रिणीची ओळख करून दिली, टॉय मार्केटमध्ये शिवणकाम करते. ती कुठल्या जमातीची ते मी लिहीत नाही, तिनेच सांगितलं लिहू नको. २००८ मध्ये तिचं मशीन जळालं. लाकूड गेलं, पट्टा गेला, फक्त लोखंड राहिलं आणि ते तिने नव्या मशीनशेजारी ठेवलंय म्हणे, त्यावर कात्री अडकवते. ज्याने आग लावली त्याला ती ओळखते. तो तिच्याकडून मुलांचे युनिफॉर्म शिवून घेतो. मी विचारलं तुम्ही काही बोलला नाहीत त्याला? म्हणाली, तो माप द्यायला येतो तेव्हा माझ्याकडे बघत नाही, एवढं मला पुरतं. मग स्टेजकडे मान करून म्हणाली, हे सगळे अमानी अमानी ओरडतायत, चांगलं आहे, मी पण ओरडते, पण हाकीचं काय?

हाकी म्हणजे न्याय. आपला हक्क तोच शब्द, अरबीतून दोन वाटांनी गेला, एक इकडे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आला, एक आपल्याकडे. इथे नागरिकाला राइया म्हणतात, ती आपली रयत. सरकारला सेरिकाली. मी ६-७ वर्षं हे शब्द ऐकतेय पण त्या बाईच्या तोंडून हाकी ऐकताना मला ते मराठीत ऐकू आलं. तिला आजवर कुणी एक शिलिंग भरपाई दिलेली नाही. २००८ च्या हिंसाचारासाठी हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी कोर्टात ज्यांच्यावर खटले आहेत त्यातले दोघं, उहुरू केन्याटा आणि विल्यम रुटो, यंदा एकत्र निवडणूक लढवतायत, आरोप त्यांना मान्य नाहीत, निकाल लागायचाय. पण टीव्हीवर, रेडिओवर, वर्तमानपत्रात सध्या इतकं अमानी अमानी चाललंय की कुणी अवघड प्रश्न विचारला तर त्यालाच गप्प करतात, आत्ता नको, शांतता बिघडेल. मला याची भीती वाटते. मनापासून वाटते. त्या बाईला शांतता नको आहे असं कोण म्हणेल? तिच्याइतकी कुणालाच नको असेल दंगल. तरी ती विचारतेय.

नंतर भाषणं झाली, त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. किब्रा हा यंदा लांगाटामधून वेगळा काढलेला नवा मतदारसंघ, रायला १९९२ पासून लांगाटाचे खासदार, त्यामुळे इथली प्रत्येक जागा चुरशीची. बोलावलेल्या उमेदवारांपैकी काही आले, काहींनी माणूस पाठवला. सगळ्यांनी निकाल मान्य करू, तक्रार असली तर कोर्टात जाऊ अशा शपथेच्या कागदावर सह्या केल्या, हात वर केले. एक उमेदवार भाषणात हळूच स्वतःच्या पक्षाची घोषणा द्यायला गेला तर गेटवरचीच ती मुलगी स्टेजवर चढली आणि तिने माइक काढून घेतला, आणि लोकांनी तिच्यासाठी जेवढ्या शिट्ट्या वाजवल्या तेवढ्या कुठल्या गाण्याला पण वाजवल्या नाहीत.

टाळ्यांमध्येच मागून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी नवऱ्याला विचारलं, भारतात कुठले? तो म्हणाला महाराष्ट्र, मग त्यांना कळावं म्हणून म्हणाला गोव्याच्या जवळ. गोवा म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, पिंटो. पिओ गामा पिंटो, नैरोबीत जन्मलेला गोव्याचा माणूस, केनियाच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेला, गोव्याच्या मुक्तीसाठी पण झगडला, आणि २४ फेब्रुवारी १९६५ ला वेस्टलँड्समध्ये घराच्या दारात, गाडीत लहान मुलगी असताना, त्याला गोळ्या घातल्या. स्वतंत्र केनियातली ती पहिली राजकीय हत्या. आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा सिटी पार्कच्या दफनभूमीत तो आहे. ते आजोबा म्हणाले, उद्या त्याचा दिवस, आम्ही विसरलो नाही, तुम्ही लोक विसरलात. मला काय उत्तर द्यावं सुचलं नाही. आमच्या वाढदिवसांत, गणपतीत, दिवाळीत आम्ही नेहमी म्हणतो इथल्या राजकारणात आपण पडायचं नाही. आमच्याकडे वर्क परमिट आहे, मत नाही, ते बरोबरच आहे. पण पिंटोचं नाव मी मुलाला कधी सांगितलं नव्हतं. रविवारी सकाळी आम्ही तिघं सिटी पार्कला जाऊन आलो, फुलं घेऊन.

अंधार पडायच्या आत कार्यक्रम संपवायचं ठरलं होतं आणि त्यांनी सहाला स्पीकर बंद केले, पोरं वन्समोअर मागत असताना. गेटवर परत खोक्यासमोर गर्दी. आता सगळ्या टोप्या एकसारख्या, नावं वाचायला उजेड कमी, मुली मोबाइलचा टॉर्च मारून एकेक टोपी उलटी करून नाव पुकारत होत्या. लाल टोपी वर आली की नाव पुकारलं जायचं आणि गर्दीतून हात यायचा, मग केशरी, मग लाल. एका टोपीवर नाव पुसलं गेलं होतं घामाने. दोन पोरं म्हणाली ती माझी. दोघांची टोपी केशरी, एकच टोपी. दहा मिनिटं वाद चालला, शेवटी त्या मुलीने दोघांना सांगितलं तुम्ही एकाच गल्लीत राहता, एक दिवस तू घाल एक दिवस तू. माझं लक्ष मात्र सारखं जात होतं टोपी परत डोक्यावर चढवताना पोरांच्या चेहऱ्याकडे, काही जणांनी घातलीच नाही, हातात धरून गेले.

दुसऱ्या दिवशी उहुरू पार्कला मोठी प्रार्थनासभा होती, रायला आणि उहुरू दोघं एका मंचावर आले, हस्तांदोलन केलं, सगळ्या चॅनेलवर दाखवलं. बरं वाटलं. पण माझ्या डोळ्यासमोर ते टीव्हीचं खोकंच येत राहिलं.

१ कोटी ४३ लाख लोकांनी मतदार म्हणून नाव नोंदवलंय. त्यातली एक मामा. तिचं नाव पश्चिम केनियातल्या काकामेगाला आहे, गावी, त्यामुळे ती शनिवारी रात्रीच्या बसने निघणार. नैरोबीतले खूप लोक गावी चाललेत, कितीतरी जण भीतीने, परत कधी येणार माहीत नाही असे, मुलांची शाळेची पुस्तकं पण बांधून घेऊन. आज सकाळी मी तिला पगार आणि गाडीभाडं दिलं आणि विचारलं, तू पण? तर म्हणाली नाही नाही, मी मत द्यायला चाललेय, सामान इथेच आहे. मुलगा नैरोबीतच थांबणार, त्यांच्या ग्रुपची पोरं मतदानाच्या दिवशी आणि मोजणीच्या रात्री रेल्वे लाइनच्या दोन्ही बाजूंनी फिरणार आहेत, अफवा आली की आधी जाऊन खरं-खोटं बघायचं, मग सगळ्यांना मेसेज करायचा. माझा नंबर त्या यादीत घातलाय.

मग तिने मला विचारलं, तुम्ही आहात ना इथे? मी म्हटलं आहोत. आईला काल रात्रीच सांगितलं तिकिटं काढलेली नाहीत, ती रडली, मग म्हणाली देवापुढे दिवा लावते. मामाने पिशवी उचलली, डाव्या हाताची करंगळी वर केली, इथे शाई करंगळीला लावतात, आणि म्हणाली बुधवारी येईन, दाखवते. मुलेम्बे. मी पण म्हटलं, मुलेम्बे.